सोड, गुरू!

गुरुदत्तचं नाक खेळात इतक्या वेळा मोडलं होतं, की निवडणुकीच्या फलकावर आधी ते वाकडं नाक दिसायचं आणि मग पक्षाचं नाव. फ्रान्सच्या एका क्लबात पगारावर रग्बी खेळण्यात उमेदीची वर्षं घालवून, गुडघे गेल्यावर तो जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला वडिलांकडे परतला. पण स्वस्थ बसेल तर तो गुरुदत्त कसला! नगरपरिषदेला उभा राहिला. पक्षाने एकच तंबी दिली होती: कुणी थुंकलं तरी हात उचलायचा नाही, उचलला की तिकीट गेलं.

फलक टांगताना शिडी धरायला आत्माराम, म्हणजे त्याचे बाबा. मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून राबलेला हा माणूस मुलाचा एकही सामना चुकवत नसे. रग्बीत धावणाऱ्याला कवटाळून पाडायचं, पण तो जमिनीवर आला की लगेच सोडून बाजूला व्हायचं, असा नियम. गुरू लहानपणी भलताच तापट, सोडायचाच नाही, आणि शिक्षा सगळ्या संघाला. मग बाबा मैदानाच्या कडेवरून घसा फोडून ओरडायचे, "सोड, गुरू! बाजूला हो!" ओरडून ओरडून त्यांनी ते त्याच्या अंगवळणी पाडलं होतं.

"अरे, फोटोत तरी नाक सरळ करून घ्यायचंस," शिडी धरून बाबा म्हणाले.

"आल्झो बाबा, तेच तर माझं क्वालिफिकेशन आहे. हा शेवटचा प्लाकाट, मग घरी."

ट्रामच्या थांब्याकडून तिघे आले. पहिल्याने शिडीला लाथ घातली. गुरू फलकासकट फरशीवर आदळला, ओठ फाटला. बरगड्यांत बूट बसला, पुन्हा बसला. "मार ना, हेर कांडिडाट!" उमेदवारसाहेबांना डिवचत एक जण मोबाइल रोखून हसत होता. गुरूने दात आवळले आणि हात छातीशी धरून ठेवले. लाथा कशा खायच्या ते त्याला खेळातून चांगलं ठाऊक होतं.

मग तिसऱ्याने बाबांची कॉलर धरून त्यांचं डोकं दिव्याच्या खांबावर आपटलं. त्यांचा चष्मा फुटला, कपाळातून रक्ताची धार लागली. त्या माणसाने खिशातून चाकू काढला.

गेलं खड्ड्यात तिकीट! गुरू उठला तो वाकूनच सुटला. खांदा चाकूवाल्याच्या पोटात घुसवला, दोन्ही मांड्या कवटाळल्या, आणि उचलून त्याला दगडी फरशीवर असा आपटला की हाड वाजलं. बाकीच्या दोघांनी धूम ठोकली.

रक्ताने डोळे भरलेल्या बाबांना दोघांची झटापट तेवढी दिसली, चाकू दिसला नाही. मुलाची निवडणूक जाईल म्हणून असो, की जुन्या सवयीने असो, ते ओरडले, "सोड, गुरू! बाजूला हो!"

आणि गुरूचे हात सुटले. इथे मैदान नाही, पंच नाही, हे ध्यानात येण्याआधीच तो शहाण्या मुलासारखा लोळून बाजूला झाला होता.

तो माणूस उठला. चाकू त्याच्या मुठीतच होता आणि सगळ्यांत जवळ बाबा होते. एक वार मानेत बसला, दुसरा गळ्यावर. बाबा खांबाला टेकून हळूहळू खाली बसले.

गुरूने त्याला दुसऱ्यांदा पाडलं. मनगट पिरगळून मोडलं, चाकू खणकन पडला. मग पाठीमागून मानेभोवती दंड घातला आणि आवळला. त्या माणसाच्या टाचा फरशीवर आपटू लागल्या. "बिटे," तो घोगऱ्या आवाजात विनवू लागला, "बिटे." थांब्यावरची माणसं किंचाळत होती. गुरूला ती ऐकूच येत नव्हती. त्याचा कान खांबाकडे लागला होता. बाबांनी एकदा, फक्त एकदा म्हटलं असतं, तर त्याने आत्ताही सोडलं असतं. जन्मभर त्याने त्यांचं ऐकलं होतं.

बाबांचे ओठ हलले. रक्ताचा बुडबुडा आला, शब्द आला नाही.

टाचा थांबल्या. गुरू तसाच आवळून बसला होता, आणि बाबांच्या तोंडाकडे बघत होता.