पांढरी भिंत

"चारच? अजून चारच?" लोइकनं टेबलावरचा कागद उलटा करून पाहिला. पाचवा जिल्हा मागच्या बाजूला चिकटला असावा, असा त्याचा चेहरा.

"चारच," रोझेन म्हणाली. "तीस वर्षं चार लिहितेय. तू उठसूट विचारलंस म्हणून पाच नाही व्हायचे."

"उठसूट नाही. दोन वर्षांतून एकदा."

लोइक नांतचा. नांत जुन्या काळी ब्रिटनीचं, तेही राजधानीच्या तोऱ्यात मिरवणारं. पुढे पॅरिसमध्ये बसून कुणी तरी रेघ ओढली आणि ते शेजारच्या प्रांतात गेलं. ही लोइकच्या जन्माआधीची गोष्ट. पण सांगायचा अशी, की तो काल दुपारी जेवायला गेला होता आणि तेवढ्यात कुणी तरी हे करून ठेवलं. तो नकाशे काढायचा, रोझेन मजकूर लिहायची. रेनमधल्या त्या छोट्या छपाईघरात दोघांची टेबलं वीस वर्षं एकमेकांना चिकटून होती. प्रांताच्या नकाशात सीमेपलीकडचं सगळं लोइक नुसतं राखाडी ठेवत असे. गावं नाहीत, नावं नाहीत. फक्त नांतला एक ठिपका आणि बारीक अक्षरात नाव. ते तिथे कशाला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही विषय काढला नव्हता.

पत्रकाचं नाव 'ब्रिटनी : एका नजरेत'. रोझेनला ते तोंडपाठ होतं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा, तीन बाजूंनी समुद्र लाभलेला प्रांत. जिल्हे चार. राजधानी रेन. लोकवस्ती सुमारे चौतीस लाख. किनारा पावणेतीन हजार किलोमीटर. या शेवटच्या आकड्यावर तिचा कधीच विश्वास बसला नव्हता. किनाऱ्याची लांबी मोजणाऱ्याच्या पायांवर असते. तो कुठल्या खडकाला वळसा घालतो आणि कुठे कंटाळून सरळ जातो, त्यावर. पण पत्रकात आकडा लागतो, म्हणून ती लिहायची.

तिचा जन्म ज्या खडकावर झाला, त्याला तर कुणीच वळसा घातला नव्हता. एनेझ व्हियान नावाचं बेट. उत्तर किनाऱ्यापासून दीड किलोमीटरवर, एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं. पत्रकातल्या नकाशात ते कधी दिसलंच नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता समुद्र असतो, असं नकाशेवाल्यांना वाटतं, म्हणून खुणांची चौकट तिथे बसायची. दीपस्तंभ, विमानतळ, रेल्वे, चर्च, खलाशांच्या खुणा. आणि त्या चौकटीच्या खाली, विमानाच्या चित्राच्या बरोबर पाठीमागे, रोझेनचं बेट.

दर आवृत्तीचं पत्रक टपालानं आईकडे जायचं. तेरेझबाई ते पसरायची, पेन्सिलीला थुंकी लावायची आणि विमानाच्या पोटावर एक काळा ठिपका करायची. मग टेलिफोन.

"विमान उतरलं गं पुन्हा आपल्या घरावर."

"पुढच्या वेळी बघते, आई."

असे पंधरा ठिपके तेरेझबाईच्या खणात होते.

आता मात्र पुढची वेळ नव्हती. ही छापील पत्रकाची शेवटची आवृत्ती. यापुढे जे काही असेल ते पडद्यावर. आणि तेरेझबाई सत्त्याऐंशीची. गेल्या ऑक्टोबरात बटाट्यांची टोपली उचलताना पडली आणि खुबा मोडला. बचाव पथकाच्या होडीनं तिला मोठ्या जमिनीवर आणलं. बेटावरचे लोक अख्ख्या फ्रान्सला 'मोठी जमीन' म्हणतात, जणू तेही एक बेटच, फक्त जरा पसरट. तेव्हापासून ती समोरच्या बंदरातल्या वृद्धाश्रमात होती. दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. खुबा सांधला की परत, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. फेब्रुवारीत रोझेननं एका कागदावर सही केली होती. 'कायमचं वास्तव्य' याच्यापुढे वृद्धाश्रमाचा पत्ता. ते तिनं आईला सांगितलं नव्हतं.

या वेळी बेट नकाशात येणारच, असं मनाशी ठरवून रोझेन मादाम प्रिजांकडे गेली. छपाईघर त्यांचं. बाई कामाला करड्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी वरून आलेली यादी पुढे सरकवली.

"यात नाही ते, रोझेन. वस्ती असलेल्याच बेटांची नावं छापायची, असं आहे. तुमच्या बेटापुढे बघा काय लिहिलंय."

बेटापुढे शून्य लिहिलं होतं. मागच्या यादीत तिथे एक होता. तो एक म्हणजे आई.

"चूक आहे का?" मादाम प्रिजांनी विचारलं. "चूक असेल तर कळवू आपण."

"नाही," रोझेन म्हणाली. "बरोबर आहे."

टेबलाशी येऊन ती स्वल्पविराम तपासत बसली. लोइकनं दोनदा तिच्याकडे पाहिलं, मग कॉफीचा पेला तिच्यापुढे ठेवला. तो हे सहसा करत नसे.

"पाचवा जिल्हा मिळाला वाटतं, एवढं तोंड पाडायला."

तिनं सांगितलं. सहीचंही सांगितलं. लोइकनं बराच वेळ पेन्सिल कानामागे लावली, काढली, पुन्हा लावली.

"माणूस नाही, ठीक. दुसरं काही? दीपस्तंभ?"

"नाही."

"चर्च?"

"त्याचं छप्पर उडालं तेव्हा मी सात वर्षांची होते. आता आत मेंढ्यासुद्धा जात नाहीत." मग ती थांबली. "भिंत आहे."

"भिंत?"

"आमच्या घराची, बंदराकडची. चुना लावलेली. होडीवाले ती पाठीमागे आणि बंदरातल्या चर्चचा कळस समोर, असे एका रेषेत धरून आत येतात. रेषा चुकली की खडक. आजोबा लावायचे चुना, मग बाबा, बाबा गेल्यावर आई. दर वर्षी ईस्टरच्या आधी."

लोइक उठला. मागच्या खोलीतून त्यानं समुद्राचा मोठा नकाशा आणला आणि टेबलावर पसरून त्यावर कॉफीचे पेले ठेवले. दोघं वाकून शोधू लागले. पाण्याच्या खोलीच्या आकड्यांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन शब्द सापडले. पांढरी भिंत.

हाक मारल्यावर मादाम प्रिजां आल्या आणि त्या शब्दांवर वाकल्या. त्यांचे आजोबा मासेमारीला जायचे, हे त्या कधी बोलत नसत, पण बोट ठेवलं ते बरोबर भिंत आणि कळस जोडणाऱ्या रेषेवर.

"खलाशांची खूण असेल तर वस्ती लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण चौकटीचं काय करणार? खाली डावीकडे मजकूर, वर उजवीकडे इंग्लंडच्या जहाजांचे मार्ग. ठेवायची कुठे?"

लोइक संगणकाकडे वळला. त्यानं पडद्यावर चौकट धरली, समुद्रावरून उचलली आणि अख्ख्या प्रांतावरून तिरपी ओढत नेऊन खाली उजव्या कोपऱ्यात ठेवली. तिथे ती अशी बसली, की जागा तिच्यासाठीच राखून ठेवली असावी.

"लोइक," रोझेन हळूच म्हणाली, "तिथे नांत आहे."

"होतं."

"अरे, पण..."

"चारच जिल्हे ना? मग बरोबरच आहे." त्यानं चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं तुम्ही चौकटीखाली होतात. आता आम्ही. पाळीपाळीनं घ्यावं माणसानं."

त्या दिवशी दुपारी तो जेवायला एकटाच गेला.

पत्रकं छापून आली तशी एक प्रत घेऊन रोझेन रविवारी बंदरात गेली. सोबत आईला आवडतं म्हणून कुट्टूच्या पिठाचं घावन, खारं लोणी लावून फडक्यात बांधलेलं. तेरेझबाई खिडकीशी बसली होती. घावन तिनं बाजूला ठेवलं आणि पेन्सिल काढली.

"दाखव. कुठे उतरलंय विमान?"

"तू बघ तरी."

भिंगातून तिनं वरचा कोपरा न्याहाळला. पेन्सिल हवेत थांबली. ओठ हलले, 'पांढरी भिंत' अक्षर अक्षर जुळवत. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल करकरत गेली.

"चौकट कुठे गेली?"

"लोइकनं हलवली."

"कुणावर?"

"नांतवर. त्याच्या गावावर."

"बिचारा," ती म्हणाली. "त्याला घावन नेऊन दे दोन." आणि पुन्हा भिंग लावलं. रोझेनला वाटलं, आता हसेल. पण तेरेझबाईच्या कपाळावर आठी पडली.

"यंदा चुना कुणी लावला?"

रोझेननं घावनाचं फडकं जवळ ओढलं.

"मी इथे. तू रेनला. मग पांढरी कशी?"

"गेल्या वर्षीचा असेल ना अजून."

"नैर्ऋत्येचा वारा येतो तिथे, पोरी. हिवाळ्यात अर्धी भिंत गळून जाते. खोटं छापलंस तू."

"आई, घडीचं पत्रक बघून कुणी होडी हाकत नाही."

"छापलंय ना? मग ते खरं पाहिजे." ती खिडकीबाहेर बघत राहिली. धुरकट निळ्यात बेट कासवाच्या पाठीसारखं दिसत होतं. भिंत कुठली, खडक कुठला, काही कळत नव्हतं. मग तिकडेच बघत ती म्हणाली, "फेब्रुवारीत कुठला पत्ता लिहिलास माझा?"

रोझेननं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"खुबा मोडलाय माझा, डोकं नाही. नर्सबाई माझ्यापुढे हळू बोलायला लागल्या, तेव्हाच समजले."

"इथला लिहिला, आई."

"हं." तिनं भिंग खाली ठेवलं. "बरोबर लिहिलंस. मी इथेच राहते. त्यात रडण्यासारखं काही नाही, नाक पूस." तिनं गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली डोक्यावरून काढली. दोरी केसांत अडकली तेव्हा रोझेन मदतीला पुढे झाली, तर तिनं हात झटकला. "माणूस नसला तरी चालेल बेटाला. भिंतीला लागतो. चुना आदल्या दिवशी भिजत घाल. मूठभर मीठ टाक, तुझे बाबा टाकायचे. आणि वरून खाली ये. खालून वर गेलीस तर ओघळ येतात, ते लांबून दिसतात."

"लांबून कोण बघणार?"

"मी."

पुढच्या रविवारी भरतीच्या वेळी फांशनं तिला होडीतून सोडलं. म्हातारा फांश, आईच्या वर्गातला. त्यानं शिडी, आदल्या दिवशी भिजवलेल्या चुन्याची बादली, लांब दांड्याचा ब्रश, सगळं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उशीर केलात यंदा." संध्याकाळी न्यायला येतो म्हणून निघून गेला.

भिंत करडी झाली होती. खालच्या अंगाला शेवाळ, वर पोपडे. रोझेननं घासलं, धुतलं, आणि एकसष्टाव्या वर्षी शिडी चढली. पहिला हात मारला तेव्हा चुना पाण्यासारखा पारदर्शक दिसला. लहानपणी बाबांना लावताना पाहिलं नसतं तर तिला वाटलं असतं, काही तरी चुकलं. पण वाऱ्यानं तो सुकत गेला तसा पांढरा होत गेला. केसांत, भुवयांवर, बुटांत, सगळीकडे चुना. दुपारपर्यंत अर्धी भिंत झाली आणि पाठ मोडून आली.

शिडीवर बसून तिनं भाकरीचा तुकडा खाल्ला आणि समोर बघितलं. शाळेत असताना ती त्या बंदरातल्या वसतिगृहात राहायची. रोज सकाळी उठल्या उठल्या खिडकीशी जाऊन बेटाकडे बघायची. तेव्हा बेटावर टेलिफोन नव्हता. आई या भिंतीच्या बाजूच्या दोरीवर चादर टाकायची. दोन चादरी म्हणजे डॉक्टर पाठवा. एक म्हणजे सगळं ठीक. आठ वर्षं रोझेननं ती एक चादर पाहिली आणि मगच दात घासले.

पाण्यापलीकडे वृद्धाश्रमाच्या खिडक्या उन्हात चकाकत होत्या. दुसरा मजला. तिनं डावीकडून मोजलं. तिसऱ्या खिडकीबाहेर काही तरी पांढरं लटकत होतं. टॉवेल असावा, लहानसा, वाऱ्यानं हलणारा.

तिनं पुन्हा मोजलं. एकच होता.

रोझेननं भाकरीचा चुरा झटकला, ब्रश बादलीत बुडवला आणि उरलेली भिंत वरून खाली रंगवू लागली.