गरुड माझ्या मागं उलटा उडायचा

मी पडदा बोलतोय. दत्तरावांच्या तंबूतल्या सिनेमाचा. परभणीच्या एका शिंप्यानं जाड मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं आणि दोन बल्ल्यांच्या मधे ताणून उभं केलं, तेव्हा वाटलं, आता मला एक तोंड असेल आणि एक पाठ.

पण आमच्या तंबूची रीत निराळी होती. मशीनच्या बाजूला खुर्च्या आणि सतरंज्या. तिथं जमीनजुमलेवाली माणसं बसायची. माझ्या मागं नुसती माती. तिथलं तिकीट स्वस्त, म्हणून मेंढरंवाले, मजुरीवाले, गावाबाहेरच्या वस्तीतले लोक तिथं बसायचे. त्यांना सगळा सिनेमा उलटा आणि फिकट दिसायचा. नायक डाव्या हातानं तलवार चालवायचा, अक्षरं मागून पुढं पळायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तिकडं बसायचं, हे जणू आधीच ठरलेलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पोखर्णीला नरसिंहाच्या जत्रेत दत्तरावांनी ‘फौलादी गरुड’ लावला. निळी घट्ट विजार, तिच्यावर लाल चड्डी, पाठीला पत्र्याचे पंख आणि थोडं सुटलेलं पोट, असा तो नायक. उडायच्या आधी कमरेवर हात ठेवून हसायचा. कुठं जुलूम दिसला की आभाळातून उतरायचा. माझ्यावर नाचणारे आणि रडणारे पुष्कळ येऊन गेले होते, पण गरिबांसाठी उडणारा हा एकटाच. माझा त्याच्यावर फार जीव बसला.

मागच्या बाजूला, मला अगदी चिकटून, पंचफुला बसायची. बिरू मेंढक्याची लहानगी पोर. गरुड खाली उतरला की ती बोटांची टोकं माझ्या कापडाला लावायची. शेवटाकडं गरुड डोंगरातल्या दुष्टांचा तळ पेटवून देतो. मागच्या पोरांनी टाळ्यांचा नुसता कल्ला केला. त्यात पंचफुलाचा आवाज सगळ्यांत वर. नेमका तेव्हाच तिच्या शेजारी बसलेला बिरू उठला आणि त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं.

“आबा, बसा की. सपला न्हाई अजून.”

“मेंढरं एकली हायेत, माय.”

तंबूचं दार पुढच्या बाजूला होतं. बिरू खुर्च्यांच्या कडेनं जाताना कुणीतरी म्हणालं, “बगा रे, ह्यो एक जाळातून सुटून पळायलाय.” अख्खा तंबू हसला. पंचफुलाला हसणाऱ्यांपेक्षा बापाचाच राग आला. मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मी गरुडावर खूश होतो.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आमचे खेळ बंद पडले. गाडीतून घरी नेताना ताडपत्रीच्या फटीतून मला एका गावाबाहेर जाळ दिसला. माझ्या मागं मातीत बसणारी माणसं तिथलीच. मी गरुडाची वाट पाहिली. तो माझ्या शेजारीच पत्र्याच्या डब्यात गुंडाळून पडला होता.

पुढं बरीच वर्षं गेली. पावसाचे डाग माझ्या अंगावर कायमचे बसले. गावोगाव व्हिडिओ आला आणि आमचा तंबू फक्त जत्रेपुरता उरला. अशात एक दिवस पंचफुला दत्तरावांच्या दारात उभी राहिली. शिष्यवृत्तीवर थेट बडोद्याला शिकून आली होती. पांढरी सुती साडी, खांद्याला झोळी. बोलायला लागली की थांबायची नाही.

“काका, यंदा पोखर्णीला फौलादी गरुड लावा.”

“ताई, त्यो लय जुना झाला. लोक हासतील आता.”

“हसू द्या. मी त्याच्या भरवशावर शिकले. वसतिगृहात दिवे गेले की मुलींना त्याचीच गोष्ट सांगायचे. आमच्या आबांनी तो अर्धाच पाहिलाय. मला त्यांना शेवटपर्यंत दाखवायचाय. पुढं, खुर्चीवर बसवून.”

दत्तरावांनी गरुडाच्या डब्यावरची धूळ झटकली.

जत्रेच्या दिवशी बिरू धुतलेलं धोतर नेसून आला. लेकीनं त्याला पहिल्या रांगेत बसवलं. तो खुर्चीच्या अगदी काठावर टेकला, सारखा मागं वळून बघत होता. दिवे मालवले तशी त्यानं मान चोळली.

“हितं मान दुखायलीय, माय. मला तिकडंच बरं.”

ती काही म्हणायच्या आत तो कनातीच्या कडेनं माझ्या मागं जाऊन मातीत बसला. अगदी त्याच जागी. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

गरुड उडाला आणि लोक हसायला लागले. “तार बग रे, तार.” “ए गरुडा, चड्डी सांबाळ.” पंचफुलाही हसली. गरुडाला टांगलेली तार दिसेल, पत्र्याचे पंख खडखडतील, याची तिनं तयारी ठेवली होती. मला मात्र लागलं. तरी सहन केलं.

मग डोंगरातला तळ आला. लहानपणी तिनं तो मागून पाहिला होता, फिकट, आणि डोळे तेव्हा गरुडावरून हटत नव्हते. आता समोरून सगळं लख्ख होतं. दुष्टांच्या अंगावर काळी घोंगडी होती. हातात मेंढक्याची काठी, कपाळावर भंडारा, मागं मेंढरांचं बें बें. “आमी”, “तुमी” बोलायचे आणि दर बोलण्याला हशा पिकायचा. गरुडानं त्यांच्या पालांना आग लावली. बाया पोरं काखेला मारून धावत होत्या आणि तो कमरेवर हात ठेवून हसत होता. माझ्या मागं त्याच लोकांची पोरं टाळ्या वाजवत होती.

पंचफुला उठली. सरळ माझ्याकडं चालत आली. मशीनचा झोत तिच्या पाठीवर पडला आणि गरुड माझ्यावरून उतरून तिच्या पांढऱ्या साडीवर हसू लागला.

“ए बाई, खाली बस.”

“गरुडानं बाई धरली रे.”

ती वळली नाही. तिनं बोटांची टोकं माझ्या कापडाला लावली, या खेपेला पुढून. पलीकडून बिरूनं तिची सावली ओळखली असावी. तो हळूच म्हणाला, “फुले?”

ती वळसा घालून मागं आली आणि त्याच्याशेजारी मातीत बसली.

“तवा काहून उठलात, आबा?”

बिरूनं काठीचं टोक माझ्याकडं केलं. “त्येंच्या अंगावरलं घोंगडं आपलं व्हतं.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“तू लय खूश व्हतीस.”

तिनं पदर तोंडात धरला. बिरू काठी टेकून उठायला लागला. “चल. मेंढरं एकली हायेत.”

“बसा, आबा.” तिनं त्याचा हात धरला. “आज उठायचं न्हाई. आपल्याला जाळून कोन कोन हासतंय, ते शेवटपतूर बगायचं.”

दोघं बसले. शेवटी गरुडानं आभाळाकडं तोंड करून सांगितलं की तो गरिबांचा रखवाला आहे. पुढं शिट्ट्या झाल्या. मागं बिरूच्या हातात लेकीचा हात होता आणि दोघांच्या पापण्या हलत नव्हत्या. मी इतकी वर्षं ज्याला अंगावर मिरवलं, त्याला त्या वेळी झटकून टाकावंसं वाटलं. पण मी चारी कोपऱ्यांना बांधलेला. शेवटचं चित्र जाईपर्यंत तो माझ्यावर हसतच राहिला.

आता तंबू मोडला. बोरीच्या एका शेतकऱ्यानं मला नेलं. माझ्यावर शिजवलेली हळद वाळते. कधी ही बाजू वर, कधी ती. दोन्ही सारख्याच पिवळ्या झाल्यात, भंडाऱ्यासारख्या.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. उद्या पुन्हा कुणी पंख लावून येईल आणि तुमच्यासाठीच आलोय म्हणेल. तेव्हा टाळीला हात उचलायच्या आधी जरा माझ्या मागं जाऊन बघा, तिथून कोण उठून चाललंय.