दहा वाजताचे सालुस्तियो

सकाळचे दहा वाजायला आले की डोन्या एर्मिनियाच्या बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा उरत नसे. चर्चच्या सभागृहातून उसन्या आणलेल्या खुर्च्या भरलेल्या, खिडकीत माणसं, दारात माणसं, आणि सगळ्यांची तोंडं कोपऱ्यातल्या एका जुनाट कॉम्प्युटरकडे. त्याच्यासमोर मेणबत्त्या, कार्नेशनची फुलं आणि उकडलेल्या मक्याची वाटी. आत्म्याला भूक लागते की नाही याबद्दल सान रोमुआल्दोत दोन तट होते. मका मात्र रोज संपत असे, आणि आत्म्याशी बोलणाऱ्या एर्मानो, म्हणजे बंधू, नेप्तालींच्या मिशीला रोज मक्याचं फोलपट चिकटलेलं असे.

चर्चच्या घंटेचे ठोके पडले. एर्मानोंनी डोळे मिटले आणि कॉम्प्युटरची एक कळ दाबली. एवढी एकच कळ, तीही फक्त त्यांनीच दाबायची. पडद्यावर गावाची वेबसाइट उघडली आणि अगदी वरती नवी ओळ दिसली.

‘वरच्या आळीच्या सेगुंदो यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. गुडघ्याला जपा. गाव तुम्हाला विसरलेला नाही. सालुस्तियो.’

खोलीभर हात क्रुसासाठी कपाळाकडे गेले. सेगुंदो गुडघा धरून रडायला लागले. त्यांचा गुडघा दुखतो हे मेलेल्या माणसाला कसं कळलं, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. सान रोमुआल्दोचे सगळे रस्ते एक तर चढाचे आहेत किंवा उताराचे, त्यामुळे पन्नाशीनंतर तिथे कोणाचाच गुडघा धड नसतो. पण त्या वेळी हे कोणाला सुचलं नाही.

सालुस्तियो म्हणजे डोन्या एर्मिनियाचे यजमान. ईस्टरच्या आधीच्या उपासांत गेले. तरुणपणापासून ते गावच्या रेडिओवर निवेदक होते. कोणाचा वाढदिवस, कोणाचं लग्न, कोणाची गाय हरवली, कोण वारलं, सगळं त्यांच्याच आवाजात गावाला कळायचं. पुढे रेडिओ बंद पडला आणि निम्मा गाव पोट भरायला न्यूयॉर्कला आणि माद्रिदला गेला. तेव्हा सालुस्तियोंनी गावाची वेबसाइट काढली. तिच्यावर जत्रेचे फोटो होते, जुन्या कार्यक्रमांतला त्यांचा आवाज होता, कोण वारलं त्याची बातमी होती, आणि रोज दहा वाजता कोणाला तरी शुभेच्छा असत. ते गेल्यावर नऊ रात्री घरात प्रार्थना झाल्या. नवव्या रात्री सगळे कॉफी पिऊन आपापल्या घरी गेले, आणि डोन्या एर्मिनिया भिंतीवरच्या घड्याळाबरोबर राहिली.

शुभेच्छा मात्र थांबल्या नाहीत. रोज दहा वाजता, सही सालुस्तियोंची.

ही बातमी ऐकूनच एर्मानो नेप्ताली गावात आले. त्याआधी ते जत्रांमधून टाचांच्या भेगांवरचं मलम विकत. आता पांढरा झगा घालून ते सांगत, “मरण म्हणजे काय बाबांनो? नुसतं टॉवर बदलणं. शरीर जातं, सिग्नल राहतो. आणि हे यंत्र म्हणजे त्या सिग्नलचं देवघर. माझ्याशिवाय कोणी हात लावला की तार तुटलीच म्हणून समजा.”

डोन्या एर्मिनियाला टॉवरचं काही कळत नव्हतं. तिला खुर्च्यांचा आवाज कळत होता. सकाळी उठून मोठ्या पातेल्यात कॉफी ठेवायची, कोण आलं कोण नाही ते बघायचं, शेजारच्या डोन्या ऑर्फेलिनाची कुरकुर ऐकायची. “तुझी कॉफी म्हणजे खिडकीचं धुतलेलं पाणी,” ऑर्फेलिना म्हणायची आणि तिसरा कप घ्यायची. दुपारपर्यंत घरात माणसांचा वास राहायचा. शिवाय एर्मानोंनी तिला एक वचन दिलं होतं. आत्मा परक्यांना आधी लिहितो, आपल्या माणसाला शेवटी. नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या सणानंतर लगेच तिचा वाढदिवस येतो. त्या दिवशी सालुस्तियो तिला लिहितील. ती त्या दिवसावर जगत होती म्हटलं तरी चालेल.

ऑक्टोबरमध्ये डोन्या त्रान्सितो गेली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला पुरून आठवडा होतो न होतो तोच दहा वाजता ओळ आली.

‘डोन्या त्रान्सितो, शंभरी गाठा! संध्याकाळी मक्याची दारू गाळून ठेवा, मी येतोच आहे. सालुस्तियो.’

क्रुसासाठी उठलेले हात अर्ध्यातच राहिले. एर्मानोंनी हात वर केले. ते म्हणाले, हा त्या जगातला वाढदिवस. तिथली शंभरी वेगळी, तिथली दारूही वेगळी. लोकांनी सुस्कारा सोडला. कोणीतरी म्हणालंही की त्रान्सितोला तिथेही दारूच गाळावी लागतेय, बिचारी.

डोन्या एर्मिनिया हसली नाही. गावात मेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव सालुस्तियोंनी स्वतः वाचलं होतं. त्यासाठी ते आधी त्या घरी जाऊन खात्री करून येत. त्रान्सितो खरोखर ‘तिकडे’ पोहोचली असती, तर दारातच सालुस्तियोंनी तिला गाठून नाव, वय, आजार विचारला असता. हा माणूस असली चूक करणं शक्य नव्हतं. म्हणजे त्रान्सितो गेली हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणजे ते कुठेही नव्हते.

ती कॉफीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ते आधीच घासलेलं असूनही पुन्हा घासत राहिली.

पुढच्याच आठवड्यात दहा वाजता एर्मानोंनी कळ दाबली आणि वेबसाइट आलीच नाही. पांढऱ्या पानावर करड्या अक्षरांत काहीतरी बारीक छापलेलं होतं, खाली एक फोन नंबर. एर्मानोंनी पडद्यावर हात फिरवला आणि जाहीर केलं की आत्मा रागावला आहे. या घरात कोणाच्या तरी मनात शंका आली आहे. त्यांनी डोन्या एर्मिनियाकडे बघितलं नाही, त्यामुळे बाकी सगळ्यांनी बघितलं. उपाय एकच. यंत्र त्यांच्या मठीत हलवायचं. रविवारी, मिरवणुकीने.

सगळे गेल्यावर डोन्या एर्मिनियाने चष्मा पुसला आणि पडद्यासमोर बसली. इतके लोक त्या पानाकडे तासभर बघत होते, पण ते चमत्कार शोधत होते, वाचत कोणीच नव्हतं. तिने वाचलं. ‘नूतनीकरण न झाल्याने या खात्याची सेवा थांबवली आहे. चौकशीसाठी फोन करा.’

तिने फोन केला.

पलीकडे एक मुलगी होती, बोलण्यावरून किनाऱ्याकडची, शेवटची अक्षरं खाणारी. तिने खातेदाराचा ओळखपत्राचा क्रमांक विचारला. मृत्यूच्या दाखल्यासाठी तो इतक्यांदा लिहावा लागला होता की डोन्या एर्मिनियाला पाठ झाला होता. मग मुलीने समजावून सांगितलं. वेबसाइटला दोन गोष्टी लागतात. एक नाव, म्हणजे दारावरची पाटी. दुसरी जागा, म्हणजे सामान ठेवायला भाड्याची खोली. दोन्हींची मुदत दरवर्षी वाढवावी लागते. पाटीची अजून शिल्लक होती, खोलीची संपली होती.

“आम्ही कितीतरी वेळा कळवलं, सेन्योरा. पण पत्रं त्याच साइटच्या टपालपेटीत जात होती. ती कोणी उघडली नाही, आणि आता खोलीबरोबर तीही बंद झाली.”

“म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप.”

“अगदी तसंच. सगळे हेच करतात.” मग मुलीने विचारलं, “त्यातल्या सामानाची दुसरी प्रत आहे का कुठे? फोटो, आवाज? कारण मुदत उलटून फार दिवस गेले की आम्ही खोली रिकामी करतो.”

दुसरी प्रत नव्हती. घरात कॅसेट नव्हती, टेप नव्हती. ‘सुप्रभात, सान रोमुआल्दो’ म्हणणारा सालुस्तियोंचा आवाज जगात फक्त त्या एका खोलीत उरला होता. आणि एर्मानोंनी यंत्राला हात लावू नका म्हटलं म्हणून ती खोली झाडून काढली जाणार होती.

तिने न्यूयॉर्कला आपल्या मुलीला फोन लावला. ग्लादिस कामावर होती, मागे भांड्यांचा खणखणाट होता. “मामा, आत्ता?” म्हणाली. मग आईचं सगळं ऐकून आपल्या कार्डावर मुदत वाढवून दिली. साइट पुन्हा दिसू लागली. यंत्राला पासवर्ड पाठ होताच, आजवर कोणी त्याला विचारला नव्हता एवढंच. किनाऱ्याकडच्या मुलीने फोनवर एकेक कळ सांगितली, आणि डोन्या एर्मिनियाने सगळे आवाज, सगळे फोटो घरात उतरवून घेतले.

शेवटी तिने विचारलं, “या शुभेच्छा लिहितं कोण?”

“त्यांनीच लिहिल्यात. आधीच लिहून तारीख-वेळ लावून ठेवायची, वेळ झाली की साइट आपोआप छापते. दिसतंय मला, सगळ्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या आहेत, थेट डिसेंबरअखेरपर्यंत.”

जानेवारीचा पहिला आठवडा. दरवर्षी तेव्हा सालुस्तियो दार लोटून बसत आणि हिला वाटे, हिशेब करताहेत.

“नोव्हेंबरमध्ये एर्मिनिया नाव आहे का?”

मुलीने शोधलं. तिला शोधायला जरा जास्तच वेळ लागला. “नाही, सेन्योरा.”

डोन्या एर्मिनियाने आभार मानून फोन ठेवला. नसणारच. तिला शुभेच्छा ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून देत, हातात कप घेऊन, निवेदकाच्या आवाजात, मुद्दाम खाकरून. त्यासाठी वेळ लावून ठेवायची गरज नव्हती. ते घरातच असत.

रविवारी मिरवणुकीला ढोलही आला होता. साइट परत आल्याचं बघून एर्मानोंनी लगेच श्रेय घेतलं. आपण उपास धरला, आत्मा निवला. मठीत आला की कायमचा निवेल.

“एर्मानो,” डोन्या एर्मिनिया म्हणाली, “इथे आत्म्याशिवाय कोणाला लिहिता येतं का?”

“कोणालाही नाही, भगिनी. फक्त आत्म्याला.”

“मग दहा वाजेपर्यंत थांबू. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवा. मीही ठेवते.”

घंटा झाली. एर्मानोंनी कळ दाबली. त्या दिवशीच्या शुभेच्छांच्याही वर एक ओळ होती.

‘एर्मानो नेप्ताली यांना प्रवासाच्या शुभेच्छा. कुएंकाची बस दुपारी चर्चसमोरून सुटते. टाचांना जपा. सालुस्तियो.’

आधी ढोलवाला हसला. मग हसू खुर्च्याखुर्च्यांतून मागे गेलं. एर्मानो सावरून म्हणाले, आत्म्यानेच तुमचा हात धरून हे लिहवून घेतलं.

“मग बसही आत्म्यानेच सांगितली आहे,” डोन्या एर्मिनिया म्हणाली. “चुकवू नका.”

मग तिने खुर्ची ओढून सगळ्यांसमोर करून दाखवलं. इथे मजकूर, इथे तारीख, इथे वेळ. ढोलवाल्याचं नाव घालून दोन मिनिटं पुढची वेळ लावली, आणि दोन मिनिटांनी त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. त्याचा वाढदिवस मे महिन्यात असतो.

“अगं बाई,” डोन्या ऑर्फेलिना एकदम म्हणाली. “रेडिओवर सालुस्तियो सुप्रभात म्हणायचे ना, तेव्हा पावाच्या रांगेत माझ्यापुढे उभे असायचे. कित्येकदा. मी हाक मारायची आणि रेडिओ बोलतच असायचा.”

ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. आधी भरून ठेवलेला आवाज ही गावाला ठाऊक असलेली गोष्ट होती. पण माणूस मेल्यावर ती आठवायची कोणाला इच्छा नव्हती, आणि या अनिच्छेवरच तर एर्मानोंचा झगा पांढरा राहत होता.

बस वेळेवर सुटली. खुर्च्या चर्चमध्ये परत गेल्या. सोमवारी सवयीने डोन्या एर्मिनियाने मोठं पातेलं काढलं, बघितलं, आणि परत फळीवर ठेवलं.

मृतांचा सण झाला. पावाच्या बाहुल्या आणि जांभळी खीर घेऊन ती कबरस्तानात जाऊन आली. मग तिचा वाढदिवस उजाडला. आपल्यासाठी काही येणार नाही हे माहीत असूनही ती दहाला पडद्यासमोर बसली. दुसऱ्याच कोणाला शुभेच्छा आल्या, तिला नाही. तेव्हा तिच्या एक लक्षात आलं. सालुस्तियो असेपर्यंत गावातल्या प्रत्येकाचं मरण या साइटवर येत होतं, फक्त त्यांचं स्वतःचं आलं नव्हतं. ते लिहिणाराच गेला होता. गावाला घंटेने कळलं. पण परदेशात कितीतरी जण, ज्यांचं गावात कोणी उरलं नव्हतं, ते अजून साइटच्या टपालपेटीत सालुस्तियोंना ‘आभार, म्हातारबा’ म्हणून उत्तरं पाठवत होते.

तिने एका बोटाने टाइप केलं. तारीख-वेळ लावली नाही.

‘सालुस्तियो, या वेबसाइटचे निवेदक, ईस्टरच्या उपासांत वारले. त्यानंतरच्या शुभेच्छा त्यांनी जिवंतपणी लिहून ठेवलेल्या होत्या. मेलेली माणसं लिहीत नाहीत, त्यांना ऐकू येत नाही, आणि त्यांच्या वतीने कोणी बोलत असेल तर तो स्वतःच्या वतीने बोलत असतो. पडद्यावर काही अद्भुत दिसलं तर गुडघे टेकण्याआधी ते नीट वाचा आणि खाली नंबर असेल तर फोन करा. ज्यांच्या अशा साइट आहेत त्यांनी किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगावी आणि सामानाची एक प्रत घरी ठेवावी. इथून पुढे मी लिहीन. माझं काही चुकलं तर दार वाजवा. मी घरातच असते. एर्मिनिया.’

दार दुपारी वाजलं. डोन्या ऑर्फेलिना होती, आपली एक खुर्ची चुकून इथे राहिली म्हणून न्यायला आलेली. खुर्ची सापडली. ऑर्फेलिनाने ती उचलली, दारापर्यंत नेली, आणि मग तिथेच ठेवून तिच्यावर बसली.

“ते धुतलेलं पाणी आहे का थोडं?” तिने विचारलं.