मूळ गाव: रेडी

डिचोलीच्या गोकुळदास शेठने आमच्या घोडीचा दर अर्ध्यावर आणला, तोही माझ्याच अक्षरावर बोट ठेवून.

खाणी बंद पडल्या, तसा माझ्या नवऱ्याचा, यशवंतचा, ट्रक दारात उभा राहिला. आता मस्कतला ड्रायव्हरची नोकरी मिळाली होती आणि शनिवारी त्याला निघायचं होतं. घोडीला रोज पळवणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती शेठला ऐंशी हजारांना द्यायची ठरली. धारगळ ते डिचोली जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत तिचं नाव आम्ही आधीच घातलं होतं. शर्यतीत कुणाचंही जनावर पळू शकतं, पण बक्षीस मिळतं फक्त गोव्यात जन्मलेल्याला.

अर्ज मी भरला होता. 'मूळ गाव' दिसताच मी लिहून मोकळी झाले, 'रेडी'. मुलांच्या शाळेचा अर्ज असो की लग्नपत्रिका, आमच्याकडे मूळ गाव म्हणजे देवीचं गाव, आणि आमची देवी रेडीची, गोव्याच्या हद्दीपलीकडे सिंधुदुर्गातली. घोडी जन्मली धारगळला, आमच्याच गोठ्यात, माझ्या डोळ्यांदेखत. पण घोडीला कुलदेवी नसते, हे मला कोण सांगणार?

"बक्षिसाक बसना, तर अर्दो दर," शेठ बाजारातल्या आपल्या पेढीवर आम्हा दोघांना म्हणाला. "चूक ती चूक, वयनी."

"माझ्या लिहिण्यानं तिचे पाय आखूड झाले काय हो?" मी ताडकन विचारलं. "चाळीस किलोमीटर पळून आली तरी दहा मिनटांत तिची नाडी जाग्यार येता!"

"पाय बक्षीस दिनात. कागद दिता."

खोटं कशाला बोलू, त्यात तथ्य होतं. बक्षीस मिळवू शकणाऱ्या घोडीला चार पैसे जास्त मिळणारच. चूक माझीच होती. यशवंतने मान खाली घालून पेन उचललं.

शेठने दोन कागद पुढे केले. एक विक्रीचा. दुसरा त्याच्याखाली अर्धा दडवलेला, फक्त सहीची जागा दिसेल असा. मी तो ओढला. 'दुरुस्ती अर्ज. जन्मस्थळ: धारगळ.' त्यावर जुन्या मालकाची, म्हणजे यशवंतची, सही लागत होती.

म्हणजे चूक एका सहीने सुधारते, हे ह्या माणसाला ठाऊक होतं! आमच्याकडून न बसणारी घोडी अर्ध्यात घ्यायची आणि आमच्याच सहीने ती बक्षिसाला बसवायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "लाज नाही वाटली?" मी ओरडले, तशी बाजारातली माणसं पेढीच्या दारात गोळा झाली.

"पुराय ऐंशी दितां," शेठ घाईघाईने म्हणाला. "रागार जायनाकात."

यशवंतने दुरुस्ती अर्जावर शांतपणे सही केली आणि तो घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. विक्रीचा कागद त्याने सही न करताच शेठकडे परत सरकवला.

"घोडी तीच आसा, शेठ," तो म्हणाला. "पण तिका तुमच्या दारात बांधून माका मस्कतात झोप येवची नाय."