मीटर फेऱ्या मोजतो

आमच्या ट्रकचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावर अडकून बसला आहे. टाकी काठोकाठ भरलेली असो नाहीतर कोरडी ठणठणीत, काटा आपला मधोमध. दुरुस्त करून घे म्हटलं की माझा नवरा वेंडल म्हणायचा, "कशाला? मैल मोजता येतात की मला." आमच्या युरेका गावाकडे जुने ट्रक चालवणारे सगळे असंच करतात. टाकी भरली की छोटा मीटर शून्यावर आणायचा आणि मग किती मैल झाले ते बघत राहायचं. दोनशे चाळीस मैलांपर्यंत आपल्या ट्रकला मरण नाही, असा वेंडलचा हिशेब होता, आणि तो कधी चुकला नाही हे मला मान्य करावंच लागेल. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला माणूस तो. गाडीच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नाही.

एका ऑक्टोबरात तो एल्कोला गेला आणि येताना ट्रकखाली चार धुडं लावून आला. नवीन रिम, नवीन टायर, माझ्या कमरेला लागतील एवढे उंच.

"हे काय रे? आता मी शिडी घेऊन फिरू का?"

"सेल लागला होता. बर्फात उपयोगी पडतील."

"अडुसष्टाव्या वर्षी कुठल्या बर्फात जायचंय तुला?"

त्यावर तो नुसता हसला आणि फडकं घेऊन रिम पुसायला बसला. फॉलनमध्ये त्याच्या धाकट्या भावाचं, ग्लेनचं, टायरचं दुकान आहे. लग्न झाल्यापासून आमच्या गाडीला लागलेला प्रत्येक टायर ग्लेनच्या हातचा. या वेळीच वेंडल एल्कोच्या मोठ्या दुकानात का गेला, हे मला विचारावं लागलं नाही. ग्लेनने तोंडावर सांगितलं असतं, "तुला याची गरज नाही." आणि वेंडलला ते टायर हवे होते, पोराला सायकल हवी असते तसे. धाकट्या भावाकडून नकार ऐकायचा नव्हता, एवढंच.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ग्लेन आणि त्याची बायको नोरीन आमच्याकडे जेवायला आली. ग्लेन गाडीतून उतरला तो घरात आलाच नाही. ट्रकभोवती एक चक्कर मारली, टायरला बुटाने टोकरलं, वाकून चाकाच्या वरचा पत्रा बघितला. मी खिडकीतून बघत होते. मनात म्हटलं, झालं, आता टर्की थंड होणार.

टर्की थंड झाली नाही, पण विषय ताटावर आलाच.

"मीटर जुळवून घेतलास का?" ग्लेनने विचारलं.

"काय जुळवायचंय? चालतोय की मीटर."

"चालतोय, पण खोटं बोलतोय. अरे, मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठं झालं की एका फेरीत जास्त रस्ता जातो. तू ऐंशी मैल कापलेस तर तो सत्तर दाखवणार. वर ही धुडं ओढायला इंजिनाला जोर लागणार. ॲव्हरेज बसलं की नाही खाली?"

"थोडं बसलंय," वेंडल बटाटे वाढून घेत म्हणाला. "थंडीमुळे."

"थंडीमुळे!" ग्लेन खो खो हसला. "दुकानात ये. गियरपेटीपाशी प्लॅस्टिकचा एक छोटा गियर असतो, मीटर त्याच्यावर फिरतो. दुसऱ्या दात्यांचा मागवून बसवून देतो, कॉफी संपायच्या आत. तुझा काटा आधीच मेलेला, मीटरही फसवायला लागला तर कुठेतरी वाळवंटात बसशील."

"मला माझा ट्रक कळतो."

"बस कळत होती तुला. चाकं शाळेची, पेट्रोल शाळेचं. स्वतःच्या गाडीचं आता शिकतोयस."

सगळे हसले. नोरीन हसली, जेवायला आलेली शेजारीण हसली, मीही हसले. वेंडल हसला नाही. त्याने हातातला काटा ताटात ठेवला, जरा जोरातच. निघताना ग्लेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "गियर मागवून ठेवतो. येशील ना?"

"बघू," वेंडल म्हणाला.

ते 'बघू' अख्खा हिवाळा चाललं. फॉलनला जायचं नाव नाही, फोन नाही. ग्लेनचा फोन आला की हा गॅरेजमध्ये. मी म्हणायची, "अरे, भाऊ आहे तो, शत्रू नाही." तर म्हणायचा, "उन्हाळ्यात जाऊ." गावातल्या गावात फिरायचं, पंप कोपऱ्यावर. त्यामुळे ट्रक किती पितो आणि मीटर किती चोरतो, याची परीक्षा कधी झालीच नाही.

मार्चमध्ये एका सकाळी नोरीनचा फोन आला. ग्लेनला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. जानेवारीतच कळलं होतं, पण कुणाला सांगायचं नाही म्हणून त्याने तिला बजावलं होतं. आता नर्स म्हणत होती, आजचा दिवस निघेल असं वाटत नाही.

वेंडलने फोन कानाला लावला होता, मी शेजारी उभी. नोरीनचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बोल त्याच्याशी. बोलता येत नाही, पण ऐकू येतंय त्याला. धरते मी फोन."

वेंडलने फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाला, "त्याला सांग, मी येतोय. फोनवर काय बोलायचं. समोर बसून बोलतो."

कोट अंगात घालत आम्ही निघालो. माझी गाडी ब्रेकच्या दुरुस्तीला दिली होती, म्हणून ट्रक. मीटरवर पन्नास मैल होते. कोपऱ्यावरच्या पंपापाशी दोन ट्रेलर उभे होते, तिथे खोळंबा झाला असता. मी म्हटलं, "भरून घे." तो म्हणाला, "ऑस्टिनला बघू."

ऑस्टिन हे वाटेतलं छोटं गाव, तिथपर्यंतचा रस्ता त्याला बसच्या दिवसांपासून पाठ. गावात शिरताना त्याने मीटरकडे बघितलं आणि वेग कमी केला नाही.

"वेंडल, पंप."

"लागत नाही. मी एकशे वीस धरले होते, त्याहून कमीच मैल झालेत. हे बघ, एकशे अकरा. फॉलनला पोचून वर उरेल."

"कमी कसे होतील? रस्ता आखूड झाला का?"

"आज होऊ दे आखूड," तो म्हणाला. त्याने पेडल आणखी दाबलं. पंप मागे गेला. भावाने चार महिन्यांपूर्वी जेवता जेवता समजावलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर आकड्यांत उभी होती, आणि घाईत, भीतीत, ती त्याला नशिबाची मेहेरबानी वाटली. माझ्या टाळक्यातही काही शिरलं नाही.

शेवटचा घाट उतरून आम्ही मिठाच्या सपाट मैदानात आलो. तिथे रस्त्याच्या कडेला लोक काळे दगड मांडून आपापली नावं लिहितात. ती नावं वाचत मी बसले होते, तेवढ्यात ट्रकने एक आचका दिला, मग दुसरा. वेंडलने गाडी कशीबशी कडेला घेतली. इंजिन बंद पडलं.

त्याने मीटरवर बोट ठेवलं. "दोनशेसुद्धा झाले नाहीत," तो म्हणाला. "मेविस, दोनशेसुद्धा नाही झाले."

मग तो खाली उतरला. मला वाटलं बॉनेट उघडेल. त्याने ते उघडलं नाही. पुढच्या चाकापाशी गेला आणि टायरवर हात ठेवून उभा राहिला. मी दार उघडलं तेव्हा तो स्वतःशीच बोलत होता. "फेऱ्या मोजतो. रस्ता नाही, फेऱ्या मोजतो."

फोनला रेंज नव्हती. डोक्यावरून फॉलनच्या तळावरची नेव्हीची विमानं कान फाडत जात होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक मोटारहोम, चाकांवरचं घर, आलं, पण थांबलं नाही. वेंडल फॉलनच्या दिशेने चालत सुटला. दम लागला, परत आला, पुन्हा निघाला. मी ओरडले, "अरे, वाटेत पडलास तर मी तुम्हा दोघा भावांचं काय करू?" तेव्हा कुठे तो टायरला टेकून खाली बसला. इतक्या वर्षांत मी त्याला गाडीपाशी असा हताश बसलेला पाहिला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

शेवटी वाळलेल्या गवताचे भारे घेऊन चाललेली एक बाई थांबली. तिच्याकडे पेट्रोलचा डबा होता. "एवढ्या मोठ्या चाकांची गाडी आणि टाकी रिकामी?" ती थट्टेत म्हणाली. मग आमची तोंडं बघून तिने अख्खा डबा टाकीत ओतला, आणि ती पैसे न घेताच गेली.

तिथून फॉलन इतकं जवळ होतं की मला रडू आलं.

ग्लेनच्या अंगणात नर्सची गाडी होती. नोरीन दारातच आली आणि वेंडलच्या छातीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्ता गेला रे. आत्ताच. येतोय, येतोय म्हणून मी सांगत होते त्याला."

वेंडल आत जाऊन भावाच्या खाटेशी बसला. समोर बसून बोलायचं होतं ना त्याला. ग्लेनचा हात तेवढा हातात धरून होता. टायरवाल्याचा हात, नखांतलं काळं शेवटपर्यंत गेलं नव्हतं.

दफन झाल्यावर निघताना नोरीन दुकानात गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. लाल प्लॅस्टिकचा गियर होता, अंगठ्याएवढा. "डिसेंबरातच आला होता हा. अंथरुणाला खिळेपर्यंत रोज शर्टाच्या खिशात घालून दुकानात जायचा. दारात गाडी वाजली की मान वर करायचा. मी म्हणायची, तूच बोलाव त्याला. तर म्हणायचा, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो मी त्याला. बोलावलं तर वाटेल पुन्हा शिकवतोय. आपणहून येऊ दे."

वेंडलने गियर घेतला, खिशात घातला आणि ट्रककडे चालू लागला. घरी येईपर्यंत तो वाटेतल्या प्रत्येक पंपावर थांबला. टाकी भरलेली होती तरी थांबला.

आता वर्ष होत आलं. टायर तेच आहेत, मीटर अजून खोटं बोलतो. मैल किती झाले हे वेंडल आता त्याला विचारत नाही, रस्त्यावरच्या पाट्या वाचतो. लाल गियर ट्रकच्या ॲशट्रेमध्ये पडलेला असतो आणि खड्डा आला की खुळखुळतो.

"कुणाकडून तरी बसवून घे ना," मी परवा म्हटलं. "कॉफी संपायच्या आतलं काम आहे."

"ग्लेन बसवणार होता," तो म्हणाला, आणि पंप दिसला तशी त्याने गाडी आत घेतली.