तारेचे तीन वेढे

माझ्या राजापेठच्या क्लासमधल्या पियानोची तार तुटली की अकोटहून खुशालराव येतात. सोबत हत्यारांची पेटी आणि बायको वच्छलाबाई. पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यातून चाळीस वर्षांत वच्छलाबाईंचीही सुटका झालेली नाही.

यंदा मात्र खुशालरावांचे डोळे पार अधू झाले होते. मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की "मले चांगलं दिसते" म्हणून उडवून लावायचे. डोळे गेल्याचं लोकांना कळलं तर पुन्हा कुणी पियानो उघडू देणार नाही, ही धास्ती. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

काम तसं एवढंसंच. तारेचं टोक खुंटीच्या बारीक भोकात घालायचं, किल्लीनं खुंटी फिरवायची आणि तिच्यावर बसलेले तीन वेढे आकड्यानं उचलून एकमेकांना भिडवायचे. पण भोकच सापडेना.

"तारच खराब आली या खेपेले," खुशालराव म्हणाले.

"हो ना. भोकही जागचं हललं असन," वच्छलाबाई.

भोक टोकरून शोधायला ते आकड्यासाठी पेटी चाचपू लागले.

"तो नाई, त्याच्या बाजूचा."

"तुले काय समजते व त्यातलं?"

"चाळीस वर्षं पायतच राह्यली ना मी. हात बांधले होते तुमी, डोये नाई." मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "जा, खालून चाय पिऊन या."

ते कठडा धरून जिना उतरले, तशी बाईंनी पेटी जवळ ओढली. माहेरी फुलांचा धंदा. लहानपणापासून गजरे गुंफलेली बोटं. पाच मिनिटांत तीन वेढे अंगाला अंग लावून बसले. मी बघतच राहिले.

खुशालराव परतले. वेढ्यांवरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"कोनी केलं?"

"काका, मघाशी तुम्हीच तर..." मी म्हणाले.

"मास्तरीणबाई, मी चाय पेऊन आलो, भांग नाई."

बाईंनी मान खाली घातली. आता आकाशपाताळ एक होणार, असं मला वाटलं. पण खुशालरावांनी खिशातून पेन्सिल काढून बायकोपुढे धरली. पियानोच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्ती करणारे आपलं नाव लिहून ठेवतात.

"लिव. तार बसवली वच्छलानं. सूर लावला खुशालनं."

बाईंनी लिहिलं.

"वाचून दाखव."

"तुमीच वाचा ना," त्या खट्याळपणे म्हणाल्या.

ते झाकणाला नाक लावून बराच वेळ उभे राहिले.

"नाई दिसत व मले," शेवटी म्हणाले.

एवढी संधी सोडतील तर त्या वच्छलाबाई कसल्या!

"मंग सोमवारी दवाखान्यात चला."

"चालतो ना," खुशालराव म्हणाले. "पयले सूर तं लावू दे."