चहात रंगलेली मूठ

मी हरणाचं एक जुनं शिंग आहे. मित्रांनो, माझ्यासाठी कुणी हरीण मारलेलं नाही, हं! काही हरणांची शिंगं दरवर्षी आपोआप गळतात, तसा मी परदेशातल्या कुठल्याशा रानात गळून पडलो आणि फिरत फिरत सौदीतल्या जिद्दा शहरात, अल अझीझिया भागातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात आलो. कशाला, तर कुत्र्यांनी चघळायला. नशीब बघा माझं! तिथून मला सदानंदने उचललं.

सदानंद तिकडे सौदीतच, अबकैकला तेलकंपनीत इंजिनीयर. सुट्टीत ताइफच्या डोंगरात भटकायला त्याला काठी करायची होती आणि तिची मूठ मी होणार होतो. त्याने मला घासलं, साबणाने तेलकटपणा काढला आणि गार कोऱ्या चहात बुडवून ठेवलं.

"मुरू दे सावकाश. घाई कुणाला आहे?" तो म्हणायचा.

"चहा न उकळता रंग येतो होय?" त्याची बायको, विभावरी, हसायची.

रंग नुकता धरू लागला होता आणि सदानंदला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. कंपनीच्या साहेबांनी निरोप धाडला, मेडिकल तपासणीच्या दिवशी स्वतः चालून दाखव, बसून करायचं काम देतो. नाहीतर नोकरी गेली, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, चला घरी. हॉस्पिटलने ॲल्युमिनियमची काठी दिली होती, पण सदानंद तिला हात लावेना. "ही रोग्याची काठी. माझी आण," एवढंच म्हणायचा.

मेडिकल तोंडावर आलेलं. विभावरीने पातेल्यात मूठभर चहापत्ती टाकली आणि मला दुपारभर खळाखळा उकळलं. मित्रांनो, असं उकळलं की शिंगाचा जीव जातो. वरून तजेला, आत नुसता खडू. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

रंग मात्र असा चढला म्हणता! मला काठीवर बसवलं तेव्हा शेजारची रईसा म्हणाली, "भाभी, किसी नवाब की छडी लगती है." खोटं कशाला बोलू, मी सुखावलो.

मेडिकलला सदानंद चार पावलं नीट चालला. मग त्याने सगळा भार माझ्यावर टाकला आणि मी मोडलो. तो साहेबांसमोर पालथा पडला. विभावरी दारात उभी होती.

घरी त्याने माझा तुकडा डाव्या हातात धरला. आतला पांढरा भुगा बोटाने चोळून पाहिला. त्याला कळलं.

"माझं काही चुकलं का हो?" विभावरीने विचारलं.

"नाही गं. शिंगच जुनं होतं."

सामान बांधून झालं. भारतात हरणाचं शिंग न्यायची बंदी, म्हणून मला खिडकीत ठेवून दोघं गेले. जाताना विभावरीने रईसाला शेवटचा चहा पाजला, चांगला उकळून. आता उन्हाने माझा रंग उडतोय. उद्या नवा भाडेकरू मला कचऱ्यात टाकील.

मित्रांनो, कधी शिंग रंगवाल तर एवढं करा, चहा आधी गार होऊ द्या.